पीपीसीएलमध्ये एअर हँडलरचा प्रोग्राम: पॉइंटच्या नावापासून लूप जुळवण्यापर्यंत

इमारतीची वातानुकूलन यंत्रणा चालवणाऱ्या सीमेन्सच्या अपोजी पॅनेलवर (कंट्रोलरवर) चालणारी पीपीसीएल ही भाषा दिसायला जुन्या बेसिकसारखी आहे: प्रत्येक ओळीला क्रमांक, इफ-देन-एल्स, गोटू. तुलनेची चिन्हं मात्र फोरट्रानची, दोन टिंबांमध्ये अडकवलेली: .ईक्यू. म्हणजे समान, .जीटी. जास्त, .जीई. जास्त किंवा समान, .एलटी. कमी, .एलई. कमी किंवा समान. पूर्ण नाव पॉवर्स प्रोसेस कंट्रोल लँग्वेज. यातले पॉवर्स म्हणजे शिकागोची पॉवर्स रेग्युलेटर कंपनी. ती आधी लँडिस अँड गिरकडे गेली आणि १९९८ च्या सुमारास सीमेन्सकडे आली. अमेरिकेतल्या ऑफिस इमारती, रुग्णालयं, विद्यापीठं यांत ही भाषा अजून रोज चालते. तिथल्या साइटची कामं पुण्या-बंगळुरूत बसून करणाऱ्यांनाही कधी ना कधी हा प्रोग्राम उघडावा लागतो. तेव्हा पहिली सवय एककांची लावून घ्यायची. तापमान फॅरनहाइटमध्ये (५५ अंश म्हणजे १२.८ सेल्सिअस) आणि डक्टमधला दाब पाण्याच्या इंचांत (१ इंच म्हणजे सुमारे २४९ पास्कल).

खालच्या ओळी पॅनेलवर अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत. इथे त्या वाचताना जशा उच्चारतो तशा दिल्या आहेत. उदाहरण एका साध्या एअर हँडलरचं (इमारतीला हवा पुरवणाऱ्या युनिटचं) घेऊ: सप्लाय फॅन, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह, बाहेरच्या हवेचं डँपर (झडप), फ्रीझस्टॅट (कॉइल गोठण्याआधी युनिट बंद करणारा स्विच) आणि स्मोक डिटेक्टर.

आधी हे डोक्यात पक्कं करा

पीपीसीएलचा प्रोग्राम वरून सुरू होऊन खाली संपत नाही, तो फिरत राहतो. सर्वांत लहान क्रमांकाच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक फेरी, आणि लगेच पुढची. सी किंवा पायथन शिकून आलेला माणूस "फॅन सुरू कर, मग तीस सेकंद थांब, मग व्हॉल्व्ह उघड" असं लिहायला जातो आणि तिथेच फसतो. इथे कोणतीच ओळ थांबत नाही. प्रत्येक ओळ प्रत्येक फेरीत एकच प्रश्न विचारते: या क्षणी माझी अट खरी आहे का?

यातून तीन नियम निघतात.

पहिला: वेळेशी संबंध असलेल्या सगळ्या आज्ञा (मोजलेला आकडा ठरवलेल्या आकड्यावर धरणारी लूप, ठरावीक अंतराने ओळ चालवणारी सॅम्पल, उशिराने आज्ञा देणारी वेट, घड्याळावर चालणारी टीओडी) प्रत्येक फेरीत वाचल्या गेल्याच पाहिजेत. फॅन बंद असताना गोटू वापरून लूपवरून उडी मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. मग लूप गोठतो, व्हॉल्व्ह शेवटच्या आकड्यावर अडकून राहतो आणि बंद युनिटच्या कॉइलमधून रात्रभर थंड पाणी वाहतं.

दुसरा: गोटू नेहमी पुढच्या, मोठ्या क्रमांकाकडे. मागे जायची परवानगी फक्त शेवटच्या ओळीला, तीही पहिल्या ओळीकडे. मधूनच मागे उडी मारली की त्याखालचा भाग कधी वाचलाच जात नाही, आणि पॅनेल त्याबद्दल तक्रारही करत नाही.

तिसरा, आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा: एका भौतिक पॉइंटला (पॅनेलला तारेने जोडलेल्या फॅन, व्हॉल्व्ह वगैरेला) आज्ञा देणारी ओळ एकच असावी. एका ओळीत "गरम आहे, फॅन ऑन" आणि वीस ओळींनंतर "सुट्टी आहे, फॅन ऑफ" असं लिहिलं, तर सुट्टीच्या गरम दिवशी फॅनला दर फेरीत दोन्ही आज्ञा मिळतात. स्टार्टर टकटक वाजू लागला की ओळखा. अटी व्हर्च्युअल पॉइंटांमध्ये (तार नसलेल्या, फक्त पॅनेलच्या स्मृतीतल्या) गोळा करा आणि शेवटी एका ओळीत निकाल लावा.

नावं आणि क्रमांक

ओळींचे क्रमांक १ ते ३२७६७ पर्यंत चालतात. दहा-दहाच्या अंतराने लिहा, आणि प्रत्येक कामाला शंभराचा गठ्ठा द्या: १००० पासून वेळापत्रक, ११०० पासून फॅन, १२०० पासून थंड पाणी, १३०० पासून डँपर. रात्री दोन वाजता फोनवर कुणाला "बाराशे तीस बघ" म्हणता येतं, ही सोय लहान नाही.

पॉइंटचं नाव सहा अक्षरांपेक्षा लांब असेल किंवा त्यात टिंब असेल, तर दुहेरी अवतरणात टाकावंच लागतं. ही सहाची मर्यादा आज्ञांमध्येही दिसते. "रिलीज" आणि "डिसेबल" या आज्ञांच्या रोमन स्पेलिंगमधलं शेवटचं ई गाळलेलं आहे, आणि "हॉलिडे"चं शेवटचं वाय. पूर्ण स्पेलिंग लिहिलंत की ओळ चुकीची ठरते. नव्या माणसाचा पहिला अर्धा तास बहुधा यातच जातो.

लांब नावं परत परत टंकायची नसतील तर डिफाइन वापरा:

१०१० डिफाइन(ए,"बी१.एएचयू१.")

यापुढे "%ए%एसएफ" म्हणजे "बी१.एएचयू१.एसएफ". दुसऱ्या युनिटसाठी प्रोग्रामची नक्कल करताना ही एक ओळ बदलली की काम होतं, पण अवतरणातलं शेवटचं टिंब विसरू नका. ते राहिलं तर सगळी नावं चुकतात आणि सगळ्या ओळी अनरिझॉल्व्हड (पॉइंट न सापडलेल्या) दिसू लागतात.

वेळ

१०२० इफ(टाइम .जीई. ७:०० .एएनडी. टाइम .एलटी. १८:०० .एएनडी. डे .एलई. ५) देन ऑन("%ए%ऑक") एल्स ऑफ("%ए%ऑक")

"ऑक" हा व्हर्च्युअल पॉइंट, म्हणजे इमारतीत माणसं असण्याची वेळ. डे मध्ये सोमवार १ आणि रविवार ७. टाइम मध्ये तास आणि मिनिटं, मध्ये कोलन. सीआरटाइम मध्ये हीच वेळ दशांशात, म्हणजे साडेआठ हे ८.५. दोन्हींची सरमिसळ करून "८.३०" लिहिलं तर सीआरटाइमच्या लेखी ते ८ वाजून १८ मिनिटं होतात. चूक बारा मिनिटांचीच, म्हणून महिनोन्महिने सापडत नाही.

मध्यरात्र ओलांडणारी अट ही दुसरी खोच. रात्री दहा ते सकाळी सहा लिहिताना "२२:०० नंतर .एएनडी. ६:०० आधी" लिहिलं, तर ती अट कधीच खरी होणार नाही, कारण कोणतीही वेळ एकाच वेळी दोन्हीकडे नसते. तिथे .ओआर. हवं. आणि एकाच ओळीत .एएनडी. व .ओआर. दोन्ही आले तर कंस घाला. कोण आधी सुटतं हे पाठ असलं तरी घाला. तुमच्यानंतर वाचणाऱ्याला ते पाठ नसेल.

ज्या साइटवर इन्साइटचा (सीमेन्सच्या वर्कस्टेशन सॉफ्टवेअरचा) शेड्यूलर वापरात आहे तिथे १०२० ही ओळ नकोच. शेड्यूलर "ऑक" ला आज्ञा देईल आणि प्रोग्राम फक्त वाचेल. दोघांनीही त्याला आज्ञा दिली तर तिसरा नियम मोडलाच.

फॅन

इमारतीतले दहा फॅन एकदम सुरू झाले तर विजेचा झटका बसतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा उशीर द्या: पहिल्याला ३० सेकंद, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला ९०. यासाठी सेकंड१ ते सेकंड७ हे काउंटर आहेत. ते दर सेकंदाला आपोआप एकाने वाढतात, आपण फक्त शून्य करायचे.

११०० इफ("%ए%ऑक" .ईक्यू. ऑफ) देन सेकंड१ = ०
१११० इफ("%ए%ऑक" .ईक्यू. ऑन .एएनडी. सेकंड१ .जीटी. ३०) देन ऑन("%ए%स्टार्ट")
११२० इफ("%ए%ऑक" .ईक्यू. ऑफ) देन ऑफ("%ए%स्टार्ट")

"स्टार्ट" हाही व्हर्च्युअल. त्याला दोन ओळी आज्ञा देतात, पण दोन्हींच्या अटी एकदम खऱ्या होऊ शकत नाहीत, म्हणून चालतं. १११० मध्ये एल्स मुद्दाम घातलेला नाही. एकदा ऑन झाला की "ऑक" जाईपर्यंत तो टिकतो. काउंटर तासन्तास सरळ मोजत राहील या भरवशावर फॅन चालू ठेवू नये.

आता बिघाड. फॅनला (एसएफ) आज्ञा गेली पण मोटर चालतेय का ते तिच्या करंटवरून ओळखणाऱ्या करंट स्विचने (एसएफएस) साठ सेकंदांत दुजोरा दिला नाही, तर:

११३० इफ("%ए%एसएफ" .ईक्यू. ऑफ .ओआर. "%ए%एसएफएस" .ईक्यू. ऑन) देन सेकंड२ = ०
११४० इफ(सेकंड२ .जीटी. ६०) देन ऑन("%ए%फेल")

"फेल" ला ऑफ करणारी ओळ जाणूनबुजून नाही. माणसाने जाऊन पाहावं, मग हाताने पुसावं. आपोआप पुसला गेला तर तुटलेल्या पट्ट्याची मोटर दिवसभर सुरू-बंद होत राहील.

करंट स्विचबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण प्रोग्राम बरोबर असूनही "फेल" येतो तेव्हा दोष बहुधा इथे असतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) कमी वेगावर, समजा २० हर्ट्झवर, चालताना मोटर इतका कमी करंट घेते की ठरावीक पातळीचा स्विच तिला बंद समजतो. स्विचची पातळी पूर्ण वेगावर जुळवलेली असेल तर सकाळी सगळं ठीक आणि दुपारी भार उतरला की बिघाड. व्हीएफडी किमान वेगावर आणून तिथेच स्विच जुळवा. पातळी इतकीही खाली नेऊ नका की पट्टा तुटल्यावरचा रिकाम्या मोटरचा करंटही त्याला "चालू" वाटेल. दोन्हींच्या मध्ये जागाच उरत नसेल, तर व्हीएफडीसाठी बनलेला, वेगानुसार पातळी बदलणारा स्विच लावा.

निकालाची ओळ (एफआरझेड म्हणजे फ्रीझस्टॅट, एसएमके म्हणजे स्मोक डिटेक्टर):

११५० इफ("%ए%स्टार्ट" .ईक्यू. ऑन .एएनडी. "%ए%एफआरझेड" .ईक्यू. ऑफ .एएनडी. "%ए%एसएमके" .ईक्यू. ऑफ .एएनडी. "%ए%फेल" .ईक्यू. ऑफ) देन ऑन("%ए%एसएफ") एल्स ऑफ("%ए%एसएफ")

ओळ लांबली की शेवटी अँपरसँड टाकून पुढच्या रेषेवर चालू ठेवता येते. फ्रीझस्टॅट (साधारण ३८ अंशांवर लावलेला) आणि स्मोक डिटेक्टर प्रोग्राममध्ये आले म्हणून त्यांची तार स्टार्टरच्या सर्किटमधून काढू नका. शिकागोच्या जानेवारीत पॅनेल बंद पडलं तर कॉइल फुटण्यापासून वाचवते ती तार. प्रोग्राममधली अट दुसरी फळी आहे, आणि तिच्यामुळे आज्ञा आणि वस्तुस्थिती जुळलेली राहते.

थंड पाण्याचा लूप

सेटपॉइंट (हवेचं हवं असलेलं तापमान) बाहेरच्या तापमानावरून (ओएटी) काढू:

१२१० टेबल("ओएटी","%ए%एसपीटी",५५,६२,७५,५५)

बाहेर ५५ अंश असताना सेटपॉइंट ६२, बाहेर ७५ असताना ५५. मधल्या तापमानांना सरळ रेषेने, दोन्ही टोकांपलीकडे सपाट. जोड्यांतला पहिला आकडा चढत्या क्रमानेच हवा.

१२२० इफ("%ए%एसएफएस" .ईक्यू. ऑन) देन "%ए%एसपी" = "%ए%एसपीटी" एल्स "%ए%एसपी" = "%ए%एसएटी" + ५
१२३० लूप(०,"%ए%एसएटी","%ए%सीएचव्ही","%ए%एसपी",१००००,२००,०,५,५०,०,१००,०)

१२३० मधला प्रत्येक आकडा कुठून आला ते पाहू. पहिला शून्य म्हणजे डायरेक्ट: मोजलेलं तापमान वाढलं की आउटपुट वाढतं. १२८ लिहिलं तर रिव्हर्स. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह शंभर टक्क्यांवर पूर्ण उघडत असेल तर डायरेक्ट बरोबर. पण "कूलिंग म्हणजे डायरेक्ट, हीटिंग म्हणजे रिव्हर्स" असं घोकू नका. हवेच्या दाबावर चालणारा, मुळात उघडा असणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह दाब वाढला की बंद होतो, म्हणून तोही डायरेक्टच. व्हॉल्व्हजवळ उभं राहून, आउटपुट वाढवून, दांडा कुठे सरकतो ते डोळ्यांनी पाहा आणि मग आकडा लिहा.

पुढचे तीन पॉइंट: मोजलेलं (एसएटी, सप्लाय हवेचं तापमान), नियंत्रित (सीएचव्ही, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह), सेटपॉइंट (एसपी). मग प्रपोर्शनल गेन, म्हणजे चुकीच्या (मोजलेलं आणि सेटपॉइंट यांतल्या फरकाच्या) प्रमाणात आउटपुट किती हलायचं तो आकडा. सूत्र असं: आउटपुटचा पल्ला भागिले थ्रॉटलिंग रेंज (जितक्या अंशांत आउटपुट पूर्ण पल्ला फिरतं तितके अंश), गुणिले १०००. पल्ला १०० टक्के, रेंज १० अंश, म्हणून १०० ÷ १० × १००० = १००००. हजाराने गुणायचं राहिलं की गेन १० होतो आणि व्हॉल्व्ह मेल्यासारखा पडून राहतो. इंटिग्रल गेन (चूक उरतच राहिली तर साचत जाणारी दुरुस्ती) प्रपोर्शनलच्या २ टक्के, म्हणजे २००. डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि एअर हँडलरवर तो शून्यच राहू द्या. पुढचे ५ म्हणजे लूप दर पाच सेकंदांनी हिशेब करेल. डक्टच्या दाबाच्या लूपला हे एक-दोन सेकंदांवर आणावं लागतं, कारण दाब तापमानापेक्षा कितीतरी लवकर हलतो. बायस ५०, म्हणजे चूक शून्य असताना आउटपुट पल्ल्याच्या मध्यावर. मग खालची आणि वरची मर्यादा, आणि शेवटी एक शून्य. त्याला काही अर्थ नाही, पण ते लिहावंच लागतं.

आता १२२० मधल्या "+ ५" चं कारण. लूपवरून उडी मारायची नाही असं वर म्हटलं, मग फॅन बंद असताना व्हॉल्व्ह बंद कसा राहणार? सेटपॉइंट मोजलेल्या तापमानाच्या पाच अंश वर नेऊन. लूपला वाटतं हवा गरजेपेक्षा पाच अंश थंड आहे. बायस ५०, त्यातून पाच अंशांचे ५० टक्के वजा, उरले शून्य. लूप दर पाच सेकंदांनी चालतोच आहे, पण खालच्या मर्यादेला टेकून. फॅन सुरू झाला की तिथूनच नीट पुढे जातो. थ्रॉटलिंग रेंज बदललीत तर हा पाचचा आकडाही बदला. तो नेहमी रेंजच्या निम्मा किंवा जास्त हवा.

जुळवताना आधी इंटिग्रल शून्य करा. प्रपोर्शनल वाढवत न्या, व्हॉल्व्ह एका लयीत वर-खाली डोलायला लागला की तो आकडा निम्मा करा, मग इंटिग्रल २ टक्क्यांनी परत घाला. प्रत्येक बदलानंतर निदान पंधरा मिनिटं ट्रेंड बघा. पाण्याची कॉइल सावकाश उत्तर देते. दोन मिनिटांत परत गेन बदलणारा माणूस आपल्याच आधीच्या बदलाचा पाठलाग करत बसतो. आणि पल्ल्याच्या तळाशीच व्हॉल्व्ह डोलत असेल तर गेनला दोष देण्याआधी व्हॉल्व्हचं माप तपासा. गरजेपेक्षा मोठा व्हॉल्व्ह १० टक्क्यांवरच सगळं पाणी सोडतो. तो कुठल्याही आकड्याने वठणीवर येत नाही.

डँपर

बाहेरची हवा पुरेशी थंड असेल तेव्हा इकॉनॉमायझर (बाहेरच्या हवेनेच इमारत थंड करणं) सुरू करायचा. इथे इफ नको. "ओएटी ६५ च्या खाली" अशी नुसती अट लिहिली तर तापमान ६४.९ आणि ६५.१ मध्ये खेळत असताना डँपर फडफडत राहतं. त्यासाठी डीबीस्विट आहे:

१३१० डीबीस्विट(१,"ओएटी",६३,६५,"%ए%ईकॉन")

प्रकार १ म्हणजे ६३ च्या खाली गेल्यावर ऑन, ६५ च्या वर गेल्यावर ऑफ, मधल्या दोन अंशांत आहे तसं. प्रकार ० याच्या उलट. वरची मर्यादा किती ठेवायची ते शहर कोणत्या हवामानपट्ट्यात (क्लायमेट झोनमध्ये) येतं त्यावर ठरतं. डिझाइनच्या कागदात दिलेलीच घ्या.

वीज जाऊन आल्यावर

१००० ऑनपीडब्ल्यूआरटी(१९००)
१८९० गोटू १९१०
१९०० सेकंड१ = ०
१९१० गोटू १०००

ऑनपीडब्ल्यूआरटी प्रोग्रामची पहिली ओळ असते. वीज परत आल्यावरच्या पहिल्या फेरीत ती प्रोग्रामला थेट १९०० वर पाठवते आणि काउंटर शून्य होतो, म्हणजे उशिराची मोजणी नव्याने सुरू. एरवीच्या फेऱ्यांत १८९० ची ओळ १९०० ला वळसा घालते. हा वळसा राहिला तर काउंटर दर फेरीत शून्य होत राहील आणि फॅन कधीच सुरू होणार नाही.

प्रोग्राम बरोबर, तरी काम होत नाही

आधी प्रायॉरिटी पाहा, म्हणजे पॉइंटवर सध्या कोणाची आज्ञा चालते ते. पॉइंटवर पाच पातळ्या असतात, चढत्या क्रमाने: नन (कोणतीच नाही), पीडीएल (विजेची मागणी आवरणारी), ईमर (आणीबाणी), स्मोक (धूर), ऑपर (ऑपरेटर). प्रोग्रामची साधी आज्ञा ननवर जाते. ऑपरेटरने कधीतरी व्हॉल्व्ह हाताने १०० वर नेऊन ठेवला असेल, तर पॉइंट ऑपरवर बसलेला असतो. लूप हिशेब करत राहतो आणि त्याची आज्ञा परत फिरते. बॅकनेट (इमारतींच्या यंत्रणांचा सामाईक प्रोटोकॉल) पॅनेलवर याच्या जागी १६ पातळ्या असतात. तिथे १ सर्वांत वरची आणि माणसाच्या आज्ञेची ८. कुठेही असो, ऑपरेटरच्या पातळीवर अडकलेल्या पॉइंटांचा रिपोर्ट दर आठवड्याला काढा आणि कारण न सांगता येणारे सगळे मोकळे करा.

मग ओळींच्या खुणा. यादीत ओळीपुढे ई म्हणजे चालू, डी म्हणजे बंद केलेली, यू म्हणजे त्यातला एखादा पॉइंट पॅनेलला सापडत नाही. टी म्हणजे ही ओळ वाचली गेली. सगळे टी पुसा, मिनिटभर थांबा, यादी परत काढा. टी न आलेली ओळ कोणत्या तरी गोटूने वगळली आहे. मात्र टी आला म्हणून अट खरी होती असं नाही, एल्सकडे गेलेल्या ओळीलाही टी येतोच.

हाताने बंद केलेली ओळ थोड्या वेळाने परत चालू दिसली तर प्रोग्राममध्ये ॲक्ट शोधा. ॲक्ट आणि डीॲक्ट ओळींना क्रमांकाने चालू-बंद करतात, आणि तुमचा हात उचलल्यावर पुढच्याच फेरीत आपलं म्हणणं खरं करतात. ते वापरायचेच असतील तर एकाच इफच्या देन आणि एल्समध्ये जोडीने लिहा. एकटा डीॲक्ट ओळ कायमची झोपवतो.

बदल करण्याआधी पॅनेलमधला प्रोग्राम वर्कस्टेशनवर अपलोड करून घ्या. कुणीतरी थेट पॅनेलवर बदललेल्या ओळी वर्कस्टेशनच्या प्रतीत नसतात, आणि जुनी प्रत डाउनलोड केली की त्या पुसल्या जातात. बदललेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या वर सी ने सुरू होणारी टिपणीची ओळ टाका: तारीख, आद्याक्षरं, जुना आकडा, नवा आकडा. "१२०५ सी गेन आधी २००००, डोलत होता, आता १००००" एवढं पुरतं.